सरकारी अनुदान योजनांमध्ये स्वतःचा हिस्सा: लघुउद्योजकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अनुदान ३५% की २५% याची चौकशी सगळेच करतात. आपल्या खिशातून जाणाऱ्या ५ किंवा १०% रकमेकडे मात्र फार कमी लोक वेळेवर पाहतात. प्रकरणे अडतात ती बहुतेक वेळा इथेच. रक्कम मोठी नसते, पण ती कुठून आली, केव्हा भरली आणि कशावर खर्च झाली हे कागदावर दाखवता येत नाही. पुढील उत्तरे मुख्यतः पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम), महाराष्ट्राचा सीएमईजीपी (मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम) आणि पीएमएफएमई (सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना) डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. योजनांच्या मुदती आणि मर्यादा सरकार वेळोवेळी बदलते, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी पोर्टलवरच्या मार्गदर्शक सूचना एकदा उघडून पाहाच.

सरकार अनुदान देते, बँक कर्ज देते, मग माझे पैसे कशाला?

या सगळ्या योजना कर्जाशी जोडलेल्या आहेत. सरकार रक्कम थेट तुमच्या हातात देत नाही, ती बँकेच्या कर्जाच्या पाठीमागे उभी करते. त्यामुळे उद्योग चालेल की नाही याचा हिशोब बँक करते आणि मालकाचे स्वतःचे काही अडकलेले असावे ही तिची जुनी अट आहे. योजना तयार करताना सरकारने ती अट काढली नाही, फक्त टक्का कमी केला. योजनेबाहेरच्या मुदतकर्जाला बँका साधारणपणे याहून जास्त मार्जिन (मालकाचा हिस्सा) मागतात. म्हणजे ५ किंवा १०% ही आधीच सवलत आहे. ती आणखी कमी करून मिळत नाही.

कोणत्या योजनेत किती हिस्सा लागतो?

पीएमईजीपीमध्ये सर्वसाधारण प्रवर्गाला प्रकल्प खर्चाच्या १०% आणि विशेष प्रवर्गाला ५%. विशेष प्रवर्गात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, महिला, माजी सैनिक, दिव्यांग आणि तृतीयपंथी येतात. अनुदान सर्वसाधारण प्रवर्गाला शहरी भागात १५% व ग्रामीण भागात २५%, विशेष प्रवर्गाला शहरी २५% व ग्रामीण ३५%. सीएमईजीपीत टक्केवारीची रचना हीच आहे, फरक वयोमर्यादा, अधिवास अशा अटींत आहे. पीएमएफएमईमध्ये किमान १०% हिस्सा सगळ्यांनाच लागतो. तिथे अनुदान पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५%, पण कमाल १० लाख रुपये.

ग्रामीण की शहरी हे उद्योगाच्या जागेवरून ठरते, तुमच्या घराच्या पत्त्यावरून नाही. २०२२ च्या सुधारित सूचनांनुसार पंचायत राज संस्थांच्या हद्दीतील भाग ग्रामीण आणि नगरपालिका-महापालिकांच्या हद्दीतील शहरी. गावाची नगरपंचायत झाली असेल तर अनुदानाचा टक्का उतरतो. हे जागेचा भाडेकरार करण्याआधी तपासा, नंतर नाही.

शब्दांचा एक घोटाळा इथेच मिटवून घ्या. बँकेत ‘मार्जिन’ म्हणजे तुमचा हिस्सा, पण पीएमईजीपीच्या कागदांत ‘मार्जिन मनी’ म्हणजे सरकारचे अनुदान. ‘मार्जिन मनी आले का?’ असे शाखेने विचारले तर आधी कोणते, ते विचारा.

प्रत्यक्ष आकड्यांत हे कसे दिसते?

पीएमईजीपी, १० लाखांचा प्रकल्प, अर्जदार महिला, जागा ग्रामपंचायत हद्दीत. स्वतःचा हिस्सा ५०,०००. बँकेकडून ९,५०,०००. अनुदान ३,५०,०००. शेवटी खरे कर्ज राहते ६,००,०००.

तोच १० लाखांचा प्रकल्प, सर्वसाधारण प्रवर्गातील पुरुष अर्जदार, महापालिका हद्द. हिस्सा १,००,०००. बँक ९,००,०००. अनुदान १,५०,०००. खरे कर्ज ७,५०,०००.

पीएमएफएमईमध्ये २० लाखांच्या प्रकल्पाला हिस्सा २ लाख, कर्ज १८ लाख, अनुदान ७ लाख. प्रकल्प ४० लाखांचा केला तर ३५% म्हणजे १४ लाख होतात, पण मिळतात १० लाखच. पात्र खर्च साधारण साडेअठ्ठावीस लाखांच्या पुढे गेला की वाढीव प्रत्येक रुपया तुमचा किंवा कर्जाचा. ‘मोठा प्रकल्प, मोठे अनुदान’ हे गणित तिथे संपते.

पीएमईजीपीतही अशीच रेषा आहे. २०२२ पासून उत्पादन उद्योगाला ५० लाख आणि सेवा उद्योगाला २० लाख ही प्रकल्प खर्चाची मर्यादा आहे. त्यापुढचे कर्ज बँक देऊ शकते, पण त्या भागावर अनुदान नाही.

अनुदान आले की त्यातूनच माझा हिस्सा वळता करता येईल का?

नाही. क्रमच उलटा आहे. अर्ज, योजना राबवणाऱ्या सरकारी यंत्रणेची छाननी, बँकेकडे रवानगी, कर्जमंजुरी, मग तुमच्या हिश्शाचा भरणा आणि उद्योजकता प्रशिक्षण, मग कर्जाचा पहिला हप्ता वाटप. त्यानंतर बँक अनुदानाचा दावा पाठवते. आलेले अनुदान तुमच्या चालू खात्यात पडत नाही. पीएमईजीपीत ते तुमच्या नावाने तीन वर्षांच्या मुदतठेवीत ठेवले जाते. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. पीएमएफएमईमध्येही रक्कम तीन वर्षे वेगळ्या खात्यात असते. कर्ज नियमित आणि उद्योग चालू असेल तरच ती कर्जात जमा होते.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, हिस्सा भरताना सरकारचा एकही रुपया हाताशी नसतो. दोन, वाटप ते अनुदान जमा होणे या काळात व्याज संपूर्ण कर्जावर चालते. साडेतीन लाखांचे अनुदान अडकले असेल आणि व्याजदर ११% धरला, तर उशिराचा प्रत्येक महिना सुमारे ३,२०० रुपयांना पडतो. म्हणून वाटप झाल्यावर दावा पाठवला का, हे शाखेत जाऊन विचारत राहा. अनुदान जमा झाल्यावर व्याजाची आकारणी खरोखर कमी झाली का, तेही खातेउताऱ्यावर पाहा. बँकेच्या प्रणालीत ती नोंद करायची राहून जाऊ शकते, आणि तुम्ही दाखवून दिल्याशिवाय ती कोणाच्या लक्षात येत नाही.

हिश्शाचे पैसे खात्यात केव्हापासून दिसले पाहिजेत?

बँक साधारणपणे सहा महिन्यांचा खातेउतारा मागते. मंजुरीच्या आदल्या आठवड्यात दीड लाख रोख भरलेले दिसले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: हे कुठून आले? एका दिवसात ५०,००० रुपयांहून जास्त रोख भरायला पॅन लागतो आणि ती नोंद राहते.

सोपा मार्ग म्हणजे अर्जाच्या चार-सहा महिने आधी एक वेगळे बचत खाते उघडून त्यात हिस्सा साठवत जाणे. शेतमालाची विक्री, पगार, मोडलेली मुदतठेव, भिशी, जे काही असेल ते शक्यतो बँकेमार्फत तिथे यावे. मालविक्रीची पट्टी, ठेव मोडल्याची पावती, पगारपत्रक सोबत ठेवा. शाखेने सीएचे प्रमाणपत्र मागितले तर त्यावर १८ अंकी-अक्षरी यूडीआयएन (प्रमाणपत्राचा स्वतंत्र ओळख) क्रमांक आहे का ते पाहा. तो नसलेले प्रमाणपत्र परत येते.

उसने घेतलेले, वडिलांनी दिलेले किंवा सोने तारण ठेवून आणलेले पैसे चालतात का?

तिन्हींची वाट वेगळी आहे.

वडील, आई, पती-पत्नी, भाऊ-बहीण यांनी दिलेली रक्कम सर्वात सरळ. जवळच्या नातेवाइकांकडून मिळालेल्या भेटीवर आयकर लागत नाही. बँकेमार्फत हस्तांतर करा आणि ‘ही रक्कम परतफेडीच्या अटीशिवाय दिली आहे’ असे साधे पत्र सहीनिशी घ्या. मित्राने दिलेली भेट मात्र, वर्षभरातील अशा सगळ्या भेटी मिळून ५०,००० च्या पुढे गेल्या तर, तुमच्या उत्पन्नात धरली जाते.

उसनवारी हे कर्जच आहे. २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो. शिवाय बँकेच्या नजरेत तो तुमचा हिस्सा राहत नाही.

सोने तारण किंवा वैयक्तिक कर्ज काढून हिस्सा भरण्याचा मोह सर्वात जास्त होतो. ते कर्ज सिबिलच्या अहवालात दिसते, त्याचा हप्ता तुमच्या परतफेड क्षमतेतून वजा होतो आणि उद्योगाच्या पहिल्याच महिन्यात दोन हप्ते उभे राहतात. आमचे मत स्पष्ट आहे: वैयक्तिक कर्ज काढून हिस्सा भरण्यापेक्षा प्रकल्प लहान करा. १० लाखांऐवजी ७ लाखांचा प्रकल्प केला तर १०% हिस्सा ३०,००० ने उतरतो आणि कर्जही. दागिना विकून आलेले पैसे ही वेगळी गोष्ट, तिथे पावती असली की झाले.

माझी जमीन, बांधलेला गाळा किंवा आधी घेतलेली मशीन हिश्शात धरतात का?

जमिनीची किंमत प्रकल्प खर्चातच धरत नाहीत, त्यामुळे ती हिश्शातही येत नाही. पन्नास लाखांचा प्लॉट नावावर असला तरी ५% पैशांतच भरावे लागतात. जमिनीचा उपयोग तारण म्हणून होऊ शकतो, तो विषय निराळा. तयार शेड किंवा गाळ्याचे भाडे जास्तीत जास्त तीन वर्षांपुरते प्रकल्प खर्चात दाखवता येते.

आधी घेतलेली मशीन पीएमईजीपीत उलट अडचण करते. ही योजना नव्या उद्योगासाठी आहे. मशीन बसवून उत्पादन सुरू असेल तर तुमचा उद्योग ‘चालू उद्योग’ ठरतो आणि अर्ज बाद होतो. पीएमएफएमई चालू उद्योगालाही मिळते, पण अनुदान नव्या गुंतवणुकीवर.

मंजुरीपूर्वी पुरवठादाराला दिलेला ॲडव्हान्स हाही नेहमीचा घोळ. दिवाळीआधी मशीन हवी म्हणून ५०,००० देऊन टाकले, तेही रोख, आणि मग ते हिश्शात धरा असा आग्रह. शाखा ते मान्य करेलच असे नाही. मंजुरीपत्र हातात येईपर्यंत कोणालाही पैसे देऊ नका. नंतरही चेक, आरटीजीएस किंवा एनईएफटी. व्यवसायाच्या खर्चासाठी एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० हून जास्त रोख दिली तर तो खर्च आयकरात मान्य होत नाही, आणि मशीनसाठी दिली तर त्या रकमेवर घसाराही मिळत नाही.

पुरवठादार म्हणतो, ‘कोटेशन वाढवून देतो, हिस्सा भरायची गरजच नाही.’ करावे का?

करू नका. हा फक्त नीतीचा प्रश्न नाही, हिशोबही तोट्याचा आहे. ८ लाखांची मशीन १० लाखांची दाखवली तर जास्तीच्या दोन लाखांवर १८% प्रमाणे ३६,००० जीएसटी बिलात चढतो, तो पुरवठादार तुमच्याकडूनच घेतो. कर्ज वाढते, व्याज वाढते, आणि तो आपले ‘कमिशन’ कापून उरलेले परत देतो. तीन वर्षांच्या आत प्रत्यक्ष पडताळणी होते. मशीनवरील क्रमांक, मॉडेल आणि बिल जुळले नाही की अनुदान परत जाते आणि कर्ज पूर्ण रकमेचे तुमच्या नावावर राहते. पुरवठादार तोवर फोन उचलत नाही.

कोटेशन जीएसटी क्रमांक असलेल्या फर्मचे घ्या. त्यात मॉडेल, क्षमता, मोटरचा एचपी, वाहतूक, बसवणी आणि कर वेगवेगळे लिहून घ्या. ‘एक संपूर्ण युनिट, ९,८०,०००’ असे एका ओळीचे कोटेशन मॅनेजर बाजूला ठेवतो, आणि त्याचे चुकत नाही.

दहा टक्के तयार आहेत. पुरतील का?

बहुधा नाही. प्रकल्प अहवालाबाहेरचे खर्च तुमच्याच खिशातून जातात: गाळ्याची अनामत रक्कम, थ्री-फेज वीजजोडणीची सुरक्षा ठेव, भाडेकराराची नोंदणी, परवाने, सीए आणि अहवालाची फी, विमा. शिवाय पहिले दोन-तीन महिने विक्रीची उधारी बाजारात अडकलेली असते आणि कच्चा माल मात्र रोखीने येतो. कागदावरच्या हिश्शाच्या निदान दुप्पट रक्कम हाताशी असावी असे आम्ही सांगतो. ५% वाल्यांनी तर तिप्पट धरावी, कारण त्यांचा हिस्सा लहान असला तरी बाकीचे खर्च लहान होत नाहीत.

मंजुरीनंतर मशीनची किंमत वाढली तर?

वाढ पूर्णपणे तुमच्या हिश्शात येते. १० लाखांच्या प्रकल्पात १ लाख हिस्सा ठरला होता. मंजुरी येईपर्यंत मशीन ८०,००० ने महागली. बँकेचा आकडा ९ लाखांवर थांबलेला आहे, म्हणजे आता तुम्हाला १,८०,००० भरायचे आहेत. खर्च ८% वाढला आणि तुमचा हिस्सा ८०%. म्हणूनच कोटेशनची वैधता लेखी घ्या. ती निदान सहा महिन्यांची मागा, आणि अहवालात आकस्मिक खर्चाची तरतूद ठेवायला शाखा तयार आहे का ते मंजुरीपूर्वीच विचारा. सुधारित मंजुरी मागता येते, पण फाइल पुन्हा सगळ्या टेबलांवरून फिरते.

खेळत्या भांडवलावरही हिस्सा लागतो का?

पीएमईजीपीत हो. प्रकल्प खर्चात यंत्रसामग्री आणि खेळत्या भांडवलाचे एक चक्र दोन्ही येतात, आणि टक्केवारी एकूण रकमेवर लागते. ७ लाख मशीन आणि ३ लाख खेळते भांडवल असेल तर १०% म्हणजे ७०,००० आणि ३०,००० असे दोन ठिकाणी भरले जातात. भांडवली खर्च अजिबात नसलेला प्रकल्प पात्रच नाही.

इथे एक अट फार कमी जणांना सांगितली जाते. खेळत्या भांडवलासाठी कॅश क्रेडिट खाते (मंजूर मर्यादेपर्यंत हवे तेव्हा पैसे काढता-भरता येणारे कर्जखाते) मिळाले की तीन वर्षांत किमान एकदा मर्यादा पूर्ण १००% वापरलेली दिसली पाहिजे, आणि वापर मंजूर मर्यादेच्या ७५% हून कमी राहता कामा नये. तसे झाले नाही तर त्या प्रमाणात अनुदान परत जाते. अनुदान वाढावे म्हणून गरजेपेक्षा जास्त खेळते भांडवल दाखवणारे नेमके यात सापडतात. व्याज वाचवायचे म्हणून खाते रिकामे ठेवणारा काटकसरी माणूसही सापडतो, बिचारा.

पीएमएफएमईमध्ये अनुदान यंत्रसामग्री आणि तांत्रिक बांधकामावर आहे, खेळत्या भांडवलावर नाही. ते कर्ज वेगळे घ्यावे लागते. योजनेबाहेर बँका लघुउद्योगाला रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीचे सूत्र लावतात: वार्षिक उलाढालीच्या २५% खेळते भांडवल, म्हणजे उलाढालीच्या २०% बँकेचे, ५% तुमचे. उलाढाल २४ लाख असेल तर गरज ६ लाख, बँक ४,८०,०००, तुम्ही १,२०,०००.

एका योजनेचे पैसे दुसऱ्या योजनेत हिस्सा म्हणून दाखवता येतात का?

पीएमईजीपीत नाही. केंद्र किंवा राज्याचे अनुदान आधी घेतलेले युनिट तिथे अपात्र आहे. कुटुंबाचीही अट आहे: पती-पत्नीपैकी एकालाच लाभ.

भांडवली अनुदानाला व्याजसवलत जोडणे मात्र काही ठिकाणी चालते. पीएमएफएमईसोबत कृषी पायाभूत सुविधा निधीची २ कोटींपर्यंतच्या कर्जावरची ३% व्याजसवलत घेता येते, प्रकल्प त्या निधीच्या यादीत बसत असेल तर. पण अनुदान कितीही मिळाले तरी प्रवर्तकाचे, म्हणजे तुमचे, किमान १०% तिथेही सक्तीचे आहेत.

बचत गटांसाठी काही सवलत आहे का?

टक्का तोच. पीएमएफएमईत गटाकडे प्रकल्प खर्चाच्या १०% आणि खेळत्या भांडवलाचे २०% मार्जिन असावे, किंवा तेवढी रक्कम राज्याने मंजूर केलेली असावी, अशी अपेक्षा आहे. प्रति सदस्य ४०,००० रुपयांचे बीजभांडवलही याच योजनेत आहे, पण ते खेळते भांडवल आणि छोट्या अवजारांसाठी. त्याला हिस्सा समजून अहवाल करू नका. गटाच्या ठरावाच्या प्रतीवर कोणी किती भरले ते नावानिशी लिहा. पुढे एखादी सदस्य गट सोडते तेव्हा भांडण याच रकमेवरून होते.

तीन वर्षांच्या आत उद्योग बंद पडला किंवा हप्ते थकले तर भरलेला हिस्सा परत मिळतो का?

नाही. तो मशीनमध्ये आणि मालात गेलेला असतो. अनुदानाचे काय होते ते कारणावर अवलंबून आहे. पीएमईजीपीत कर्ज लाभार्थ्याच्या आवाक्याबाहेरच्या कारणाने बुडाले तर अनुदान कर्जफेडीला वापरता येते. उद्योग सुरूच केला नाही, मशीन विकली किंवा पैसा दुसरीकडे वळवला तर ते सरकारकडे परत जाते. जागा बदलायची असेल तर बँक आणि अंमलबजावणी यंत्रणेला आधी लेखी कळवा. पडताळणीसाठी आलेल्या माणसाला जुन्या पत्त्यावर कुलूप दिसले तर तो ‘युनिट बंद’ एवढेच लिहून जातो.

उद्योग वाढवण्यासाठी दुसरे कर्ज घेताना हिस्सा किती?

पहिले कर्ज पूर्ण फेडलेले, अनुदान जमा झालेले आणि उद्योग नफ्यात असेल तर पीएमईजीपीत उत्पादनासाठी १ कोटी आणि सेवेसाठी २५ लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला दुसरे कर्ज मिळू शकते. अनुदान महाराष्ट्रात १५%, हिस्सा सगळ्यांना १०%. पहिल्या वेळी ५% भरलेल्या महिला उद्योजक इथे चकतात.

अर्जासाठी एजंट लागतो का?

नाही. पीएमईजीपीचा ऑनलाइन अर्ज मोफत आहे. तो खादी आयोग, राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळ किंवा जिल्हा उद्योग केंद्र यांच्यामार्फत जातो. पीएमएफएमईला कृषी विभागाकडून जिल्हा संसाधन व्यक्ती मिळते आणि तिचे मानधन शासन देते. उद्यम नोंदणीही मोफत. ‘हिस्सा मी भरतो, अनुदान आल्यावर दुप्पट द्या’ असे म्हणणारा भेटला तर त्याचे पैसे तुमच्या खात्यात येऊ देऊ नका, आणि सही केलेला कोरा चेक तर मुळीच देऊ नका.